युद्धावर टीका करणाऱ्या डॉक्युमेंटरीची बाजू कशी घ्यायची: सोलापुरी कट्ट्यासाठी गाईड

सरकारवर आणि सरकारच्या युद्धावर टीका करणारी डॉक्युमेंटरी चार लोकांत बसून बघितली की ती संपायच्या आत भांडण सुरू होतंय, हे अमेरिकेत काय अन् सोलापुरात काय सारखंच. फरक एवढाच की आपल्याकडं रात्री साडेदहाला कुणीतरी 'चला बे, उद्या पाण्याचा दिवस हाय' (म्हणजे नळाला पाणी यायचा दिवस) म्हणून उठतं आणि वाद अर्धवट राहतो. हे गाईड ज्यांना फिल्म पटलीय पण बोलायची वेळ आली की घोडं पेंड खातंय त्यांच्यासाठी. उदाहरण म्हणून अमेरिकन दिग्दर्शक मायकल मूरची 'फॅरेनहाइट ९/११' घेतलीय, कारण अशा फिल्मवर जेवढे म्हणून आरोप होऊ शकतात तेवढे सगळे हिच्यावर झालेत, आणि त्यातले काही खरेही आहेत. २००४ ची फिल्म, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बुश यांचं सरकार आणि इराक युद्धावर, त्याच वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार, डिस्नेने आपल्याच मिरामॅक्स कंपनीला ती थिएटरात आणू दिली नाही म्हणून दुसऱ्यांनी आणली, आणि नुसत्या अमेरिकेत जवळपास १२ कोटी डॉलरचा धंदा केला. डॉक्युमेंटरीला एवढी गर्दी त्याआधी कुणी बघितलीच नव्हती.

सगळ्यात आधी हे ठरवा की तुम्ही बाजू कशाची घेताय. माणसाची घेऊ नका. मूर कसा आहे, किती पैसे कमावले, किती जाड आहे, ऑस्करच्या स्टेजवर उभं राहून युद्धाविरुद्ध बोलला तेव्हा लोकांनी कशी हुर्यो उडवली, ह्यात शिरलात की संपलं, कारण समोरच्याला तेच पाहिजे असतंय, वड्याचं तेल वांग्यावर काढायचं असतंय. तुम्ही बाजू घ्यायची ती फिल्ममधल्या दाव्यांची, आणि तीसुद्धा सगळ्या दाव्यांची नाही.

मग समोरच्याचा आरोप नेमका कुठला आहे ते विचारून घ्या. लोक चार वेगवेगळ्या गोष्टी एका दमात म्हणतात: हे खोटं आहे, हे एकतर्फी आहे, हा देशाचा आणि सैनिकांचा अपमान आहे, आणि असली फिल्म निघायलाच नको होती. ह्या चारही गोष्टींना चार वेगळी उत्तरं आहेत. खोटं आहे म्हणणाऱ्याला तुम्ही अभिव्यक्ती स्वातंत्र्य सांगायला लागलात तर तो म्हणणार, म्हणजे खोटं आहे हे कबूल ना, आणि बाकीचे मान डोलवणार. 'अण्णा, खोटं म्हणताय का एकतर्फी म्हणताय, एक काहीतरी धरा की' एवढं शांतपणे विचारलं तरी अर्धा आवाज खाली येतो.

आता तयारी. फिल्म एकदा लोकांबरोबर बघितली असेल तर एकदा एकट्याने वही घेऊन बघा आणि प्रत्येक महत्त्वाच्या जागी तीनपैकी एक खूण करा: दिसतंय, सांगितलंय, सुचवलंय. हे जमलं की बाकी सगळं सोपं आहे, म्हणून इथं जरा थांबतो. शाळेचा सीन घ्या. ११ सप्टेंबर २००१ ची सकाळ, फ्लोरिडातल्या सारासोटा गावची प्राथमिक शाळा, बुश लहान पोरांच्या वर्गात खुर्चीवर बसलेत, त्यांचा चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड येतो, वाकून कानात सांगतो की दुसऱ्या टॉवरवर पण विमान धडकलंय, आणि बुश उठत नाहीत. पोरं वाचतायत, बुश ओठ आवळून बसलेत, नजर कुठंतरी लागलीय, मिनिटं जातायत. हे सगळं 'दिसतंय'. खरं फुटेज आहे, कुणी नाकारलेलं नाही, पुढं हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या ९/११ आयोगाने सुद्धा लिहिलं की ते आणखी पाच ते सात मिनिटं वर्गात होते. पण त्याच चित्रावर मूरचा आवाज येतो की बुशच्या डोक्यात आत्ता काय चाललं असेल, कोणत्या दोस्ताने आपल्याला फसवलं असा विचार करत असतील का वगैरे. ते 'सुचवलंय'. मूरला बुशच्या डोक्यातलं काय माहिती? आयोगाला बुशनी सांगितलं की परिस्थिती नीट कळेपर्यंत आपण शांत आणि खंबीर दिसलं पाहिजे असं वाटलं. पटो न पटो, ती पण एक बाजू आहे. तुम्ही बाजू घ्यायची ती त्या मिनिटांची, मूरच्या अंदाजाची नाही. नाहीतर समोरचा अंदाज पाडतो आणि अंदाजाबरोबर फुटेज पण पडल्यासारखं होतं.

अशी वही भरली की तुमच्या लक्षात येईल की फिल्ममध्ये काही जागा कच्च्या आहेत. त्या लपवू नका, उलट पहिल्यांदा तुम्हीच सांगा. हे लई लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं आपणच आपल्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा, पण समोरच्याने मोबाईल काढून दाखवायच्या आधी तुमच्या तोंडून आलं तर त्याच्या हातात उरतं काय?

कच्च्या जागा कुठल्या ते सांगतो. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनचं पँटाग्राफ नावाचं पेपर आहे, फिल्ममध्ये त्याचं एक पान क्षणभर दिसतं, त्यावर ठळक मथळा की २००० च्या निवडणुकीत फ्लोरिडाच्या फेरमोजणीत बुशचे प्रतिस्पर्धी गोर जिंकले होते. प्रत्यक्षात तो बातमीचा मथळा नव्हताच, ते वाचकाच्या पत्राचं शीर्षक होतं, तारीख पण वेगळी, आणि फिल्ममध्ये ते बातमीसारखं मांडून दाखवलं. पेपरने तक्रार केली आणि नुकसानभरपाई म्हणून एक डॉलर मागितला (मला हा एक डॉलर लई आवडला, सोलापुरी माणसाने पण असंच केलं असतं). ही चूक आहे, स्पष्ट चूक आहे, तिची बाजू घ्यायची नाही.

दुसरी जागा, युद्धात अमेरिकेबरोबर कोण कोण होतं त्याची टिंगल. पलाऊ, कोस्टारिका, आइसलँड असली नावं घेऊन हसवलंय, पण ब्रिटनचं नाव त्या यादीत नाही, ज्याने हजारो सैनिक पाठवले होते. विनोद म्हणून चालेल, माहिती म्हणून नाही. तिसरी, खासदारांना रस्त्यात गाठून 'तुमच्या पोराला इराकला पाठवता का' विचारण्याचा सीन. त्यात मिनेसोटाचे मार्क केनेडी गोंधळलेल्या चेहऱ्याने बघताना दिसतात, पण त्यांनी दिलेलं उत्तर, मदत करतो म्हणालेले, ते कापलंय. चौथी, बुश पहिल्या आठ महिन्यांत ४२ टक्के वेळ सुट्टीवर होते हा आकडा. वॉशिंग्टन पोस्टचा आहे, मूरने काढलेला नाही, पण त्यात कॅम्प डेव्हिडचे शनिवार-रविवार पण धरलेत आणि त्यातल्या काही दिवसांत काम पण चालू होतं. आकडा कुठून आला एवढ्यावर थांबू नका, त्यात काय मोजलंय ते बघा.

आणि पतंग. युद्धाच्या आधीचं बगदाद म्हणून पोरं पतंग उडवतायत, लोक हसतायत, लग्न चाललंय असं दाखवलंय आणि मग बॉम्ब पडतो. इराकचा हुकूमशहा सद्दामने आपल्याच देशातल्या कुर्द लोकांवर गॅस सोडला, हजारो माणसं मारली, त्याचा त्या मिनिटात मागमूस नाही. ह्यावर सगळ्यात जास्त वाद होतो आणि माझ्या मते समोरच्याचं इथं बरोबर आहे, निदान निम्मं. निम्मं अशासाठी की सद्दामच्या राज्यात सुद्धा लहान पोरं होती आणि ती पतंग उडवत होती, आणि बॉम्ब ज्यांच्या घरावर पडला ती तीच होती. एवढं बोला आणि गप्प बसा. सद्दाम चांगला होता असं चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका.

सौदी विमानांचा मुद्दा मात्र ना पूर्ण कच्चा ना पूर्ण पक्का, आणि वाद बहुतेक इथंच अडकतो. हल्ल्यानंतर लादेनच्या घरातल्या लोकांसकट बरेच सौदी चार्टर विमानांनी अमेरिकेबाहेर गेले, हे खरं आहे. हल्ल्यानंतर सगळी उड्डाणं बंद असताना, म्हणजे बंद आकाशातून, ती विमानं गेली असं लोक फिल्म बघून सांगतात, ते चूक आहे. फिल्ममध्येच १३ सप्टेंबरनंतर असं म्हटलंय, आणि आयोगाला पण असंच दिसलं की आकाश उघडल्यावरच ती विमानं गेली आणि जाऊ देण्यात गैर काही सापडलं नाही. म्हणजे फिल्मचं वाक्य टिकतं, पण ते ज्या संशयी सुरात म्हटलंय तो सूर टिकत नाही. अफगाणिस्तानातल्या गॅस पाइपलाइनसाठी युद्ध केलं हा इशारा तर सोडूनच द्या, युनोकल ही अमेरिकन तेल कंपनी १९९८ मध्येच त्या प्रकल्पातून बाहेर पडली होती. सुतावरून स्वर्ग गाठलाय तिथं.

एवढं सगळं कबूल केल्यावर हातात काय राहिलं असं वाटेल. राहिलं ते सगळ्यात वजनदार आहे. सरकारने युद्धासाठी जे कारण सांगितलं ते खरं नव्हतं.

हा भाग पाठ करा, तारखांसकट. ५ फेब्रुवारी २००३ ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांत उभं राहून इराककडं जैविक आणि रासायनिक शस्त्रं आहेत म्हणून सांगितलं. २० मार्चला हल्ला झाला. आणि फिल्ममधली भारी जागा ही की हेच पॉवेल फेब्रुवारी २००१ मध्ये म्हणत होते की सद्दामने अशी शस्त्रं म्हणावी तशी उभी केलेली नाहीत, ती क्लिप मूरने लावलीय. तिथं मूर बोलतच नाही, सरकारच सरकारच्या विरुद्ध बोलतंय. फिल्म २५ जून २००४ ला आली. त्यानंतर जुलैमध्ये सिनेटच्या समितीचा अहवाल आला की गुप्तचर खात्याचे अंदाज फुगवलेले होते. त्याच महिन्यात ९/११ आयोगाने लिहिलं की इराक आणि अल कायदाने हल्ल्यासाठी मिळून काम केल्याचा पुरावा नाही. ऑक्टोबरमध्ये शस्त्रं शोधायला पाठवलेल्या ड्युल्फर यांच्या पथकाने सांगितलं की साठे नव्हतेच. आणि २०१६ मध्ये ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने म्हटलं की शांततेचे मार्ग संपायच्या आधीच युद्ध निवडलं गेलं. ह्यातलं एकही कागद मूरचं नाही. दोन्ही पक्षांचे लोक असलेल्या समित्या, सरकारनेच नेमलेली पथकं. समोरचा म्हणाला की फिल्म खोटी आहे, तर विचारा, शस्त्रं सापडली का? एवढाच प्रश्न, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा मुद्दा काढू नका. ही चूक पोरं हमखास करतात, एक मुद्दा जिंकत आला की उत्साहात पुढच्या तीन मुद्द्यांवर उडी मारतात आणि समोरचा अलगद सुटतो.

एकतर्फी आहे म्हणणाऱ्याला सरळ हो म्हणा. आहेच एकतर्फी. ती बातमी नाही, वकिलाचं भाषण आहे, आणि दुसऱ्या वकिलाने वर्षभर सगळ्या चॅनेलवर बोलून झाल्यावर ह्याला उभं राहायला मिळालंय. न्यूयॉर्क टाइम्सनेच २६ मे २००४ ला आपल्या वाचकांना सांगितलं की इराकच्या शस्त्रांबद्दलच्या आपल्या काही बातम्या पुरेशा काटेकोर नव्हत्या. मेलेल्या सैनिकांच्या शवपेट्या अमेरिकेतल्या डोव्हरच्या लष्करी विमानतळावर उतरताना फोटो काढायला बंदी होती, ती २००९ मध्ये उठली. अशा दिवसांत समतोल फिल्म म्हणजे लोकांना आधीच माहिती असलेलं निम्मं पुन्हा सांगणं झालं असतं.

आणि एकतर्फी असणं हा काय गुन्हा नाही, हे आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय. भोपाळ गॅसकांडावर एक डॉक्युमेंटरी होती, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली, दूरदर्शनने दाखवायला नकार दिला की हिच्यात संयम नाही. १९९२ मध्ये कोर्टाने म्हटलं की केवळ राज्य सरकारवर टीका आहे म्हणून नाकारता येणार नाही. त्याआधी १९८९ च्या रंगराजन खटल्यात म्हटलं की मोर्चे निघतील, दंगा होईल अशी धमकी आली म्हणून फिल्म अडवायची नाही, कायदा सुव्यवस्था सांभाळणं हे सरकारचं काम. आणि आनंद पटवर्धन यांची पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरची युद्धविरोधी फिल्म, सेन्सॉरने भरपूर कट सांगितले होते, २००३ मध्ये मुंबई हायकोर्टाने एकही कट न देता पास केली. 'असली फिल्म निघायलाच नको होती' म्हणणाऱ्याला हे सांगा. पण त्यालाच. खोटं-खरं चाललेलं असताना कोर्ट मध्ये आणलं की लोक कंटाळतात.

सैनिकांच्या अपमानाचा मुद्दा आला की आवाज आणखी खाली करा. आपल्या जिल्ह्यात गावोगाव माजी सैनिक आहेत, तुमच्या कट्ट्यावर पण एखादे काका असणार, आणि त्यांना शिकवायला जाऊ नका, त्यांना विचारा. वॉल्टर रीड हॉस्पिटलमधले हातपाय गेलेले सैनिक फिल्ममध्ये आहेत, फ्लिंट गावातली ती आई आहे जिचा मुलगा इराकमध्ये मारला गेला, त्याचं शेवटचं पत्र ती वाचते. गरीब वस्तीतल्या मॉलबाहेर पोरांना फौजेत घ्यायला फिरणारे भरतीवाले आहेत. काकांना विचारा की ह्यात अपमान कुठं वाटला. कधी कधी ते खरंच एखादी जागा सांगतात, म्हणजे टँकमध्ये मोठ्याने गाणी लावणारे सैनिक दाखवलेत त्यामुळं सगळेच तसे वाटतात असं, आणि तो मुद्दा मान्य करण्यासारखा आहे.

निवडणुकीसाठी काढलेली फिल्म होती का, तर होती. मूरने लपवलं नाही, बुश हरावेत म्हणूनच काढली. आणि नोव्हेंबर २००४ ला बुश पुन्हा निवडून आले. त्यामुळं 'असल्या फिल्मने देशाला धोका होतो' म्हणणाऱ्याने जरा हिशोब तपासावा.

आता 'अमेरिकेचं आपल्याला काय करायचंय' हा खास आपल्याकडचा मुद्दा. असं म्हणणाऱ्याला सांगा की ८ एप्रिल २००३ ला आपल्या लोकसभेने ह्याच युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला होता, आणि त्याच जुलैमध्ये अमेरिकेने इराकला फौज पाठवा म्हणून मागणी केलेली असताना वाजपेयी सरकारने नाही म्हटलं होतं. म्हणजे ह्या युद्धावर टीका करणं हे डाव्यांचं खूळ आहे असं म्हणणाऱ्याला आधी अटलजींशी भांडावं लागेल. हे वाक्य मजेत म्हणा, टोमणा मारून नको.

एक गोष्ट मात्र करू नका. सोलापुरात हुकमाचा एक्का सगळ्यांच्या खिशात असतो: १९३० चा इंग्रजांचा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी. सरकारविरुद्ध बोलणं म्हणजे काय हे ह्या गावाला शिकवायची गरज नाही असं भाषण ठोकायचा मोह होतो, टाळ्या पण पडतात. पण तेच हुतात्मे समोरचा देशभक्तीच्या नावाने स्वतःकडं ओढतो, आणि पुढचा अर्धा तास ते कुणाचे ह्यात जातो. इराक राहिलं इराकमध्ये. त्यांना चौकात राहू द्या.

दाखवायची कुठं आणि कशी, हे पण बोलून टाकू. घरी, गच्चीवर, मित्रांत बघायला कुणाची परवानगी नको. पण हॉल घेऊन, पोस्टर लावून सगळ्यांना बोलवलं की ते सार्वजनिक प्रदर्शन होतं, १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, आणि फिल्मच्या मालकाची परवानगी वेगळी. भांडायचा विषय फिल्म आहे, तिथं आपणच नियमात अडकून विषय बदलू नका. हुतात्मा स्मृती मंदिर वगैरे मोठे हॉल डोक्यातून काढा, वीसपंचवीस माणसं बसतील एवढी खोली बास. पडदा पांढरा पाहिजे, सोलापुरात चादरीला तोटा नाही पण नक्षीच्या चादरीवर बुशच्या कपाळावर मोर येतो. सबटायटल आधी तपासा, कारण फिल्म बडबडी आहे आणि अर्धे विनोद आवाजात आहेत. फिल्म दोन तासांची आहे, सात वाजता सुरू केली तर नऊला संपते आणि तासभर बोलायला मिळतो, साडेआठला सुरू केली तर पाण्याचा दिवस आडवा येतो. आपल्याकडं घरात तेलुगू, कन्नड बोलणारी माणसं पण येणार, तर मध्ये एकदा थांबवून दोन मिनिटं सांगून टाका की हा कोण, तो कोण, नाहीतर चेनी (उपाध्यक्ष) आणि रम्सफेल्ड (संरक्षणमंत्री) ह्यांच्यातच लोक हरवतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद घालू नका, निदान रात्री नको. तिथं वाचणारे पन्नास आणि बोलणारे दोन, त्या दोघांपैकी एकाला हरणं परवडत नाही. घालायचाच असेल तर एका मेसेजमध्ये एकच दावा, त्याखाली तारीख आणि कुठल्या अहवालात आहे ते, आणि ती लिंक स्वतः उघडून वाचलेली असली पाहिजे. फॉरवर्ड आलेला 'मूरची ५९ खोटी विधानं' छापाचा मेसेज आला तर सगळ्याला उत्तर द्यायला बसू नका, त्यातली कुठली तीन सगळ्यात मोठी वाटतात ते पाठवणाऱ्यालाच निवडायला लावा. बहुतेक जण निवडत नाहीत कारण वाचलेलं नसतं. जो निवडतो त्याच्याशी बोला, तो कामाचा माणूस आहे. आणि त्याच्या तीनपैकी एक पँटाग्राफ निघालं तर लगेच 'हे बरोबर हाय तुमचं' लिहा आणि उरलेल्या दोनवर या.